चांगल्या घरी देणे आहे, एक करवत

बापूंनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने घेतलेले निर्णय तसे थोडेच, आणि त्यातलेही बरेचसे घरी पोचेपर्यंत बदललेले. पण चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, विकत घ्यायचा निर्णय त्यांनी घरातच, जेवता जेवता, बायकोच्या समोर बसून घेतला आणि तिला पत्ता लागू दिला नाही. या गोष्टीचा त्यांना पुढे जवळजवळ दुसऱ्या दिवसापर्यंत अभिमान वाटत होता.

झालं होतं ते एवढंच. बापूंच्या घरामागे परसात एक थोराड झाड आहे. मागच्या वादळात त्याची एक फांदी मोडली, पण खाली काही येईना. झाडाला कुठेतरी जराशी चिकटून ती तशीच लोंबकळत राहिली, आणि राहिली ती नेमकी कपडे वाळत घालायच्या दोरीवर. बापूंची बायको घरी शिवणकाम करते. शिवायला आलेलं कापड आधी धुऊन वाळवायचं, मगच कात्री लावायची, हा तिचा नियम. आता डोक्यावर फांदी टांगलेली असताना दोरीखाली जायचं कुणी? त्यामुळे सगळं वाळवण घरात आलं होतं. बापू दाढी करायला आरशासमोर उभे राहिले की आरशावर कुणाचा तरी ओला पडदा. पेपर घेऊन खुर्चीत बसले की मानेवर थेंब. (एकदा ते ऑफिसला निघताना चुकून एका गिऱ्हाईकाचा टेबलक्लॉथ खांद्यावर घेऊन गेले होते. दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. ऑफिसच तसं आहे.)

"ती फांदी काढायला पाहिजे," बापू जेवताना म्हणाले.

"हो ना," बायको म्हणाली. "रविवारी दादा येतोय. तो बघेल."

बापूंचा घास तोंडातच राहिला. 'दादा बघेल' हे दोन शब्द ते लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बापूंच्या संसारात जे जे म्हणून बंद पडलं, ते ते दादांनी बघितलं होतं. नळ बघितला, पंखा बघितला, पावसाळ्यात फुगलेला दरवाजा बघितला. बरं, माणूस नुसता दुरुस्त करून गप्प बसेल तर शपथ. काम झालं की दादा फडक्याला हात पुसत पुसत म्हणतात, "काही नव्हतं हो त्यात." आणि ज्यात काही नव्हतं, त्याच्यासमोर बापू महिनाभर हातात पाना धरून बसलेले असतात.

बापूंनी स्वतः काही केलंच नव्हतं असं नाही. एकदा घड्याळासाठी भिंतीत खिळा ठोकला होता. तो शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये निघाला. शेजारी भले, त्यांनी त्यावर कॅलेंडर लावलं. पण त्या दिवसापासून बापूंच्या हातात हातोडी दिसली की बायको भिंतीपलीकडे हाक मारून सावध करते.

ऑफिसातही तेच. बापू आवक-जावक टेबलावर आहेत. आलेल्या पत्रावर एक शिक्का, गेलेल्या पत्रावर दुसरा. एके काळी कार्बन पेपर उलटा लावून साहेबांचं पत्र त्याच पत्राच्या पाठीवर उमटवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोपनीय अहवालात त्यांच्याबद्दल दर वर्षी एकच शेरा येतो, 'सुधारणेस वाव आहे.' साहेब बदलले, टेबल बदललं, पण वाव तेवढाच राहिला.

तर त्या दुपारी बापूंनी मनाशी ठरवलं की ही फांदी दादांनी बघायची नाही. ही आपण कापायची, आणि दादा यायच्या आत कापायची. मग रविवारी दादा येतील, परसात जातील, वर बघतील, तर वर नुसतं आभाळ. "फांदी कुठाय?" दादा विचारतील. तेव्हा आपण फडक्याला हात पुसत पुसत म्हणायचं, "ती होय? काही नव्हतं हो त्यात." या एका वाक्यासाठी बापू काहीही करायला तयार होते. त्यांनी आरशासमोर उभं राहून ते म्हणूनही बघितलं. (आरशावर पडदा होता, त्यामुळे चेहरा कसा दिसतो ते कळलं नाही.)

साधी हातकरवत शेजाऱ्यांकडे होती, पण खिळ्याच्या प्रकरणानंतर त्यांच्याकडे काही मागायची सोय राहिली नव्हती. नवी करवत घ्यायची तर बायकोला विचारावं लागणार. राहिली ती जुनी. बापूंनी जेवून ऑफिसात परत गेल्यावर फोन उघडला आणि वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर 'चेनसॉ' असं टाकलं.

त्यांना वाटलं होतं एखाद-दुसरी असेल. निघाला डोंगर. जगात इतक्या लोकांनी चेनसॉ घेतले आहेत आणि इतक्या लोकांना ते घरात नको झाले आहेत, हे बापूंना नव्यानेच कळलं. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त एकदा वापरली. कारण विचारू नये.' दुसरीत करवतीबरोबर कुबड्या मोफत होत्या. तिसरीत फोटो होता तो करवतीचा नव्हताच, एका पडलेल्या गॅरेजचा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'मशीन दणकट आहे.' चौथ्या माणसाला करवतीच्या बदल्यात काहीही चाललं असतं, फक्त त्याची बायको घरी यायच्या आत घेऊन जायची अट होती. बापूंना तो माणूस जवळचा वाटला, पण त्याने फोन उचलला नाही. बहुधा बायको आली असावी.

आणि मग ती जाहिरात आली. फोटोत एका सोफ्यावर, पाठीला उशी लावून, एक नारिंगी रंगाची करवत बसलेली. खाली मजकूर, 'करवत, मोटारीची. घरच्या माणसासारखी सांभाळलेली. चांगल्या घरी देणे आहे. घाईच्या माणसांनी फोन करू नये.'

बापूंना घाई होती, तरी त्यांनी फोन केला. पलीकडून एक म्हातारा, खोल आवाज आला.

"घरात माणसं किती?"

"दोघंच," बापू म्हणाले. "मी करवतीसाठी..."

"कळलं. तापट आहात का?"

"नाही हो. मी आवक-जावकला आहे."

"आधी कुठली करवत होती?"

"नाही. ही पहिलीच."

"ते एका परीने बरंय," आवाज म्हणाला. "आधीच्या करवतीशी तुलना होत नाही. तिला ते सहन होणार नाही. घर बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही. उद्या येतो."

हे गृहस्थ म्हणजे वखारवाले काका. सगळी उमर लाकडाच्या वखारीत गेली. आता वखार बंद झाली, डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं, घरात कुणी नाही, आणि आपल्यामागे करवतीचं कसं होणार या काळजीने काकांची झोप उडाली होती. आत्तापर्यंत त्यांनी बरीच गिऱ्हाइकं परत पाठवली होती. एकाला तर त्याने 'हिची किंमत काय' असं विचारलं म्हणूनच नकार दिला होता.

दुसऱ्या दिवशी बापू आंघोळीला गेले असताना त्यांच्या फोनवर मेसेज आला. बायको कापड बेतत होती, तिची सहज नजर गेली. मेसेज असा होता, 'संध्याकाळी तिला घेऊन येतो. जागा करून ठेवा. ओल सोसत नाही तिला.'

बापू डोकं पुसत बाहेर आले, तर बायको फोन हातात धरून उभी.

"संध्याकाळी कोण येतंय?"

बापू टॉवेलची घडी घालू लागले.

"हे बघा," बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्यामागे कुणी बाई येणार नाही, ते मला माहीत आहे. म्हणून सरळ विचारते. काय आणताय?"

"म्हणजे काय?" बापूंना ते जरा लागलं. "येऊ शकते एखादी."

"बरं, येऊ शकते. पण आणताय काय?"

बापूंनी सांगून टाकलं. करवत आणतोय, मोटारीची आहे, फांदी मी कापणार आहे, आणि दादाला तू एक अक्षर सांगायचं नाहीस. बायकोने खिडकीजवळचं शिलाईचं मशीन ढकलत ढकलत आतल्या खोलीत नेलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

संध्याकाळी काका आले. करवत त्यांनी शालीत गुंडाळून, छातीशी धरून आणली होती. आत आल्या आल्या त्यांनी चारी बाजूंनी लोंबणारे ओले कपडे बघितले आणि शाल आणखी घट्ट केली.

"ओल आहे," ते म्हणाले.

"त्या फांदीमुळे," बापू घाईने म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर हिला..."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून कामाला जुंपणार."

बायकोने चहा आणला. काका मात्र घर बघत हिंडत होते. आतल्या खोलीत शिलाईच्या मशीनपाशी ते थबकले. मशीनवर स्वच्छ कापडी झाकण, चाकाला तेल, पट्टा नीट ताणलेला. काकांनी चाक बोटाने हलकेच फिरवलं. आवाज नाही.

"हिला कोण बघतं?"

"मीच," बायको म्हणाली. "रोज काम झालं की पुसून ठेवते."

काकांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग ते बापूंकडे वळले. "हात दाखवा."

बापूंनी दोन्ही हात पुढे केले. काकांनी ते उलटे केले, सुलटे केले, दिव्याखाली धरले.

"ह्या हातांनी आजवर काय केलंत?"

"शिक्के मारले," बापू म्हणाले.

काकांनी सुस्कारा सोडला. बराच वेळ ते एकदा बापूंकडे, एकदा आतल्या खोलीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी शाल सोडली आणि करवत बापूंच्या मांडीवर ठेवली. अटी सांगितल्या. जमिनीवर ठेवायचं नाही. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. तेल वेळेवर. आणि रविवारी मी बघायला येणार. एवढं बोलून ते दारापर्यंत गेले, परत आले, करवतीच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने शिवणातला एक मऊ तुकडा त्यांना डोळे पुसायला दिला.

"माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली नव्हती," काका गेल्यावर ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

आता खरी कसोटी होती. रविवार तोंडावर आला होता. बापूंनी ऑफिसात पोट दुखत असल्याचं कळवलं आणि करवत घेऊन बसले. ती चालू करायला एक दोरी असते, ती हिसका देऊन ओढायची असते, एवढं त्यांनी फोनवरच्या व्हिडिओत बघितलं होतं. त्यांनी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. त्यांचं कोपर मागे टांगलेल्या ओल्या पडद्यात गेलं, पडदा दांडीसकट खाली आला, आणि बापू आतून ओरडू लागले. बायकोने येऊन त्यांना बाहेर काढलं. तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मेसेज होता, 'जेवली का?' (म्हणजे तेल घातलं का.)

'हो,' बापूंनी कळवलं.

'आवाज कसा येतोय?'

बापूंनी विचार केला आणि लिहिलं, 'शांत आहे.' हे अगदी खरं होतं.

शनिवारी बापू परसात, धुण्याच्या दगडावर उभं राहून ओढत होते. त्या ओढाओढीत करवत हातातून सुटली आणि शेजारच्या बादलीत पडली. बादलीत बायकोने पांढऱ्या चादरींसाठी नीळ कालवून ठेवली होती. बापूंनी करवत बाहेर काढली तेव्हा ती निळी होती. म्हणजे पूर्ण निळी नाही. मूळची नारिंगी, त्यावर नीळ, त्यामुळे आजारी माणसासारखी दिसत होती. आणि काका उद्या येणार होते.

एखादा माणूस अशा वेळी हात टेकतो. बापू मात्र कामाला लागले. वर्तमानपत्र पसरलं, चमच्याच्या टोकाने झाकण उघडलं, स्क्रू काढले, साखळी काढली, आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या टूथब्रशने एकेक भाग घासून पुसून लख्ख केला. इतकं मन लावून बापूंनी आयुष्यात काही केलं नव्हतं. मग सगळं परत जोडलं. साखळी बसवताना ते जरा अडले. ती अशीही बसत होती आणि फिरवून तशीही बसत होती. 'दोन्हीकडून बसते, म्हणजे कुठूनही चालत असणार,' असा त्यांनी निष्कर्ष काढला. (कार्बन पेपरच्या वेळीही त्यांचा निष्कर्ष हाच होता.) शेवटी एक नट उरला. तो त्यांनी कुंडीत टाकला.

रविवारी सकाळी दादा आले. प्रवासाने आंबलेले, म्हणून आधी तोंड धुवायला गेले. दात घासून बाहेर आले ते जीभ टाळूला लावत.

"पेस्ट बदललीत का?"

"हो," बापू म्हणाले.

"जरा पेट्रोलसारखी लागते."

"दातांना चांगली असते," बापू म्हणाले, आणि विषय बदलायला चहा ओतू लागले. पण दादांची नजर तोवर मागच्या दारातून परसात गेली होती.

"अरे, फांदी लोंबतेय की. थांबा, बघतो."

"बघू नका," बापू म्हणाले.

असा आवाज त्या घरात पूर्वी निघालेला नव्हता. बायकोच्या हातातली सुई थांबली. दादांनी बहिणीकडे बघितलं.

"आज मी बघणार आहे," बापू म्हणाले. आवाज कापत होता, पण शब्द सगळे आले.

एवढ्यात काका आले. करवत बघून ते खूश झाले, कारण ती खरोखरच झळकत होती. फक्त मुठीच्या खालच्या बाजूला त्यांचं बोट थांबलं. "इथे निळी का पडलीये?"

"हवा बदलली ना," बापू म्हणाले.

ते काकांना पटलं. मग सगळी वरात परसात निघाली. बापूंनी डोक्यावर हेल्मेट घातलं, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, अंगात बायकोने शिवलेला जाड एप्रन. फांदीखाली स्टूल ठेवलं. दादांनी स्टुलाचे दोन पाय धरले. काकांनी करवत हातात घेतली, एक लहानसं बटण सरकवलं, ("हे बंद होतं," ते म्हणाले. बापू झाडाकडे बघू लागले.) दोरीला एक हिसका दिला, आणि करवत अशी डरकाळी फोडून उठली की शेजाऱ्यांकडचं कॅलेंडर खाली पडल्याचा आवाज झाला.

काकांनी ती बापूंच्या हातात दिली. बापूंचे गुडघे, दात आणि हेल्मेट एकाच तालात हलू लागले. पण त्यांनी करवत फांदीला टेकवली आणि दाबली. त्या क्षणी त्यांना कशाचीही भीती वाटली नाही. ते वाक्य ओठांवर तयार होतं.

फांदी कापली गेली नाही.

त्यांनी आणखी दाबलं. धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास सुटला, करवतीने सगळी आळी डोक्यावर घेतली, पण फांदीला ओरखडासुद्धा नाही. उलट जिथे करवत टेकत होती, तिथे फांदी गुळगुळीत होऊ लागली. थोड्या वेळाने ती इतकी चकाकायला लागली की बापूंना त्यात स्वतःचं हेल्मेट दिसलं.

"बापू, खाली या," दादा शेवटी म्हणाले. "द्या इकडे. बघतो मी."

म्हणजे याही वेळी तेच होणार. त्यांनी करवत दिली, मुकाट्याने खाली उतरले आणि स्टूल धरलं. दुसरं करणार काय होते?

दादा चढले. एका हाताने बाह्या सरसावल्या आणि करवत लावली.

फांदी कापली गेली नाही.

दादांनी कोन बदलला. पाय बदलले. खालून लावली, वरून लावली. दादांना घाम आला. दादांचा चष्मा धुराने काळा झाला. आणि बापू, खाली स्टुलाचा पाय धरून, वर बघत होते. खोटं कशाला बोला, त्यांना अतिशय आनंद झाला होता. आपल्याला जमलं नाही याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. दादांना जमत नव्हतं. ज्यात काही नव्हतं, त्यात चांगलंच काहीतरी होतं.

दादांनी करवत बंद केली. "मशीन भंगार आहे," ते खाली उतरून म्हणाले.

"काय म्हणालात?" काका पुढे आले.

"कापतच नाही. फसवलंय तुम्ही ह्यांना."

"पोरीला नाव ठेवायचं काम नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला. "वखारीत हिच्यापुढे ओंडका टिकला नाही कधी. ती रुसलीये. तिला इथं करमत नाही. कुणी काय बोललं तिला?"

"करवतीला कोण काय बोलणार?"

"तुम्हीच आत्ता भंगार म्हणालात की. तिच्या तोंडावर."

"बापू, तुम्ही सांगा ह्यांना," दादा म्हणाले.

"बापू, तुम्ही ह्यांना सांगा," काका म्हणाले.

बापूंना आयुष्यात पहिल्यांदाच दोन माणसं एका वेळी काही विचारत होती. त्यांनी हेल्मेट काढलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "सुधारणेस वाव आहे."

हे दोघांनाही आवडलं नाही. भांडण पेटलं. काका करवतीला शालीत गुंडाळू लागले, दादा शाल ओढू लागले, शेजारी भिंतीवरून बघू लागले. तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात उंच दांडीवर कपडे घालायची लांब काठी होती, आणि चेहऱ्यावर धुराने काळपटलेली पांढरी चादर बघून आलेला राग.

"व्हा बाजूला," ती म्हणाली.

तिघे बाजूला झाले. तिने काठीचं टोक फांदीच्या बेचक्यात अडकवलं आणि दार लावायला कडी ओढतात तेवढ्याच जोराने ती खाली ओढली. कट् असा बारीक आवाज झाला. फांदी आली आणि परसाच्या मध्यभागी आडवी पडली.

वर नुसतं आभाळ होतं.

बायकोने काठी भिंतीला टेकवली. एप्रनला हात पुसले. बापूंच्या एप्रनला, कारण तेच जवळ उभे होते.

"काही नव्हतं हो त्यात," ती म्हणाली.

"मग आधी का नाही काढलीस?" बापूंनी कसंबसं विचारलं.

"तुमचं सगळ्यांचं इतकं काय काय चाललं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं चुकत असेल."

दादा दुपारच्या गाडीने परत गेले. जाताना काही बघून गेले नाहीत, स्वयंपाकघरातला नळ गळत होता तरी. काका करवतीला थोडे दिवस विश्रांतीला म्हणून घरी घेऊन गेले. आणि बुधवारी, बापू कोरड्या खुर्चीत कोरडा पेपर वाचत बसले असताना, काकांचा मेसेज आला. या खेपेस बायकोच्या फोनवर. 'साखळी उलटी घातली होती. एक नटही नाही. तिला उघडलं कुणी?'

बायकोने मेसेज वाचला. बापूंकडे बघितलं. मग उठली, कुंडीत दोन बोटं घातली आणि नट काढून पेपरवर, बरोबर बापूंच्या नाकासमोर ठेवला.

"हवा बदलली," बापू अगदी हळू म्हणाले.

तेवढ्यात दादांचाच फोन आला. बापूंनी कान टवकारले. आता ही सांगणार. साखळी उलटी होती, दादा, तुझी काही चूक नव्हती, ह्यांनीच घातली होती. म्हणजे दादा पुन्हा होते तिथे, आणि आपणही होतो तिथेच. नळ, पंखा, दरवाजा, सगळं पुन्हा दादा बघणार.

"नाही रे," बायको फोनवर बोलत होती, आणि बोलता बोलता तिने तो नट उचलून आपल्या शिवणाच्या डब्यात टाकला. "कळलं नाही काय झालं होतं ते. जुनी वस्तू शेवटी. असायची कशीतरी. नळ ना? नको, तू कशाला येतोस एवढ्यासाठी, मी बघते."

बापूंनी पेपर तोंडासमोर धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं. पडदे वाळले होते, तेव्हा थेंबाचं कारण सांगायची सोय राहिली नव्हती.

काका पुढच्या आठवड्यात करवत परत घेऊन आले. आता ती आतल्या खोलीत, शिलाईच्या मशीनशेजारी, बायकोने शिवलेल्या झाकणाखाली असते. बापूंना त्या खोलीत जाताना विचारून जावं लागतं. काका दर रविवारी चहाला येतात, मुलीची चौकशी करतात, म्हणजे करवतीची, आणि जाताना नळ-बिळ काही असेल तर बायकोच्या हाताखाली पाना धरून उभे राहतात.

आणि त्या साइटवर विकणारा माणूस घेणाऱ्याबद्दल दोन शब्द लिहितो, तसे काकांनीही लिहिले. बापूंनी ते ऑफिसात उघडलं. पाचपैकी पाच तारे होते. खाली मजकूर, 'माणसं चांगली मिळाली. बाई हुशार, हात नीटनेटका, यंत्राची जाण आहे. पोरगी सुखात राहील. घरात एक पुरुषही आहे, पण त्याचा काही त्रास नाही.'

बापूंनी ते दोनदा वाचलं. मग छापून घेतलं, त्यावर आवकचा शिक्का मारला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्याबद्दल असं चांगलं प्रथमच कुणी लिहिलंय म्हणून साहेबांना दाखवायला घेऊन गेले.